हवाई अंतर काढताय? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की ‘दोन दूरच्या शहरांमधलं हवाई अंतर’ हा विषय कुणीतरी घेतोच. तक्ते सुंदर असतात, पण चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात महागात पडतं ते वजा चिन्ह. परभणीच्या एका प्रदर्शनात नववीतल्या मुलाने छत्रपती संभाजीनगर ते न्यूयॉर्क हे अंतर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 2,315 किलोमीटर. अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढायचं सूत्र बरोबर, आकडेमोडही बरोबर. मी विचारलं, “बाळा, नांदेडहून अमृतसरला सचखंड एक्सप्रेसने गेलं तरी दोन हजारांच्या वर किलोमीटर होतात. मग अमेरिका अमृतसरच्या एवढी जवळ आली कशी?” पोरगं गप्प. वही उघडली, तर न्यूयॉर्कचे रेखांश नुसते 73.78. ते पश्चिमेचे, म्हणजे उणे. चिन्ह गळालं आणि त्याचं न्यूयॉर्क किर्गिझस्तानात, ओश शहराच्या बाजूला जाऊन पडलं. चिन्ह लावून त्याच्याकडूनच पुन्हा करून घेतलं, तेव्हा उत्तर साधारण 12,570 आलं. गुण मी त्याला पूर्ण दिले, कारण त्याने वहीत पायऱ्या लिहिल्या होत्या. मोबाइलवरून आयता आकडा उचलणाऱ्याची चूक शोधायची तरी कुठे?

सूत्राला हात लावण्याआधी अंदाज बांधा. पृथ्वीचा घेर सुमारे 40,000 किलोमीटर, म्हणजे कोणतीही दोन शहरं साधारण 20,000 च्या पलीकडे असूच शकत नाहीत.

दुसरी खोड म्हणजे भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवणं, किंवा प्रत्येक अंश 111 किलोमीटरचा धरणं. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढा असतो, 60 अक्षांशावर निम्मा. हे विसरून न्यूयॉर्क काढलं तर साडेसोळा हजारांच्या वर जातं, चार हजार फुकटचे. मी पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा घेऊनच बसतो. संभाजीनगरवर एक टोक दाबून दोरा न्यूयॉर्कपर्यंत ताणला की तो रशिया, आइसलँड आणि ग्रीनलँडचा दक्षिण भाग असा वर चढून जातो. मुलांना हे खरं वाटत नाही, म्हणून दोरा त्यांच्याच हातात द्यावा. घाई असलेल्यांना हा पोरखेळ वाटतो, पण चुकतातही तेच.

संभाजीनगरचे अक्षांश 19 अंश 52 मिनिटं, म्हणजे 19.52 नव्हे, 19.87; कारण एका अंशात 60 मिनिटं असतात. एवढ्यानेच 38 किलोमीटरचा फरक पडतो.

एक्सेलमध्ये सूत्र घालताना कोन अंशांत नव्हे, रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककातच द्यायचा.

जुन्या नावाने शोधताना बिहारचं औरंगाबाद उचलू नका.

वैमानिकांचा सागरी मैल 1.852 किलोमीटरचा असतो, रस्त्यावरचा मैल वेगळा.

आणि सरळ रेषेचं अंतर म्हणजे प्रवासाचं अंतर नव्हे. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईमार्गे न्यूयॉर्क धरलं तर सरळ तुकड्यांची बेरीजच 12,800 च्या आसपास जाते. वारा आणि बंद हवाई हद्दी यांचा हिशेब त्यापुढचा. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे 1,400 किलोमीटरने वाढली, तरी पाठीमागून वारा मिळाल्याने वेळ वाचला. म्हणून तक्त्यावर अंतर आणि वेळ यांचे रकाने वेगळे ठेवा. अंतराला ताशी 900 ने भागून वेळ लिहिलेला तक्ता मी परत पाठवतो.