हीर, इहीर की विहीर? बोलीतला शब्द नोंदवायची रीत

माण-खटावात किंवा वाळवा-तासगावकडं बोलीचे शब्द गोळा करायला निघालात, तर शब्द ढिगानं मिळतात. घोडं अडतं ते लिहिताना. विहिरीला कुणी ‘हीर’ म्हणतं, कुणी ‘इहीर’. दोन्ही लिहायची, पण नोंद एकच करायची.

स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या कोशकारांनी हेच केलं. १९३१ ते १९७६ या काळात निघालेल्या त्यांच्या दहा खंडी कोशात एका मुख्य शब्दाखाली त्याची सगळी लेखनं आणि भागवार उच्चार दिले आहेत. ‘चांगलं’ या अर्थाचा एकच शब्द स्कॉटलंडच्या मधल्या पट्ट्यात ‘गिड’ आणि ईशान्येला ॲबर्डीनकडं ‘ग्वीड’ ऐकू येतो, म्हणून त्याचे दोन शब्द केले नाहीत.

विचारताना “विळ्याला काय म्हणता?” असं कधीच विचारू नका. प्रश्नातच ‘विळा’ आला की समोरचा तोच परत देतो. वस्तू हातात घ्या आणि “ह्यानं काय करता?” एवढंच विचारा. “इळ्यानं गवात कापतो” असं उत्तर आलं की ‘इळा’ मिळतो, वर ‘गवात’ फुकटात. पहिली दहा मिनिटं माणूस शाळेतली भाषा बोलतो, ती धरायची नाही. फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवून कामाबद्दल बोलतं करा. गुऱ्हाळावर मात्र चरकाचा आवाज सगळं गिळतो. फोन बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर हवा. एका गावात निदान तीन वयस्क माणसं गाठा, त्यात एक तरी बाई हवी. चुलीपुढचे शब्द पुरुषांना विचारून मिळत नाहीत.

लिहिताना कानाला आलं तेच लिहा. काही वळणं सारखी भेटतात: सुरुवातीचा ‘व’ गळतो किंवा ‘य’ होतो (विस्तव-इस्तू, वेळ-येळ), सुरुवातीचा ‘ए’ ‘ये’ होतो आणि ‘ओ’ ‘व’ होतो (एक-येक, ओढा-वढा, ओझं-वझं), ‘ण’चा ‘न’ होतो (पाणी-पानी). पण वळण ठाऊक आहे म्हणून न ऐकलेलं रूप बनवू नका. ‘च’, ‘ज’चे दोन उच्चार वेगळे दाखवायला अक्षराखाली टिंब लागतं. जिभेनं चाटतो ती ‘च़ाट’ आणि गाड्यावर खातो ते ‘चाट’ टिंबाशिवाय एकच दिसतात. हे टिंब फक्त उच्चाराच्या रकान्यात द्या, मुख्य शब्दात नको, नाहीतर शोधणाऱ्याला शब्द सापडायचा नाही.

पुरी नोंद अशी दिसते:

वाईच – थोडं, जरासं. रूपं: वाइच, वायच, वाईस. उच्चार: (कानावर आला तसा, टिंबासह). वाक्य: “वाईच सरकून बस.” गाव, तालुका, बोलणाऱ्याचं वय, तारीख.

वाक्याशिवायची नोंद निम्मी फुकट जाते. मुख्य शब्द म्हणून जास्त माणसांच्या तोंडी असलेलं रूप घ्या. प्रमाण भाषेतलं रूप शेजारी द्या, डोक्यावर नको. बाकीच्या प्रत्येक रूपाला ‘वाईच पाहा’ अशी ओळ. आणि ‘हीर’ला आकडे लावायला विसरू नका: हीर १ म्हणजे विहीर, हीर २ म्हणजे खराट्यातली नारळाच्या झावळीची काडी.

व्युत्पत्तीचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल. कर्नाटकाच्या सीमेवरच्या जतकडचा प्रत्येक अनोळखी शब्द कन्नडच, असं ठोकून देण्याची खोड वाईट.

टंकताना ‘गुऱ्हाळ’वर नजर ठेवा. साधा ‘र’ पाय मोडून लिहिला की ‘गुर्हाळ’ होतं, रफार ‘ह’च्या डोक्यावर जातो. त्यासाठी टिंबाचा ‘ऱ’ घ्या, पाय मोडा, मग ‘ह’ जोडा. काही कीबोर्ड हेच अक्षर ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून बनवतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच, पण शोधताना एक सापडतं, दुसरं नाही. दोघं मिळून यादी करत असाल तर पहिल्याच दिवशी दोघांनी एकच कीबोर्ड ठरवून घ्या.