हिवाळ्यात पहाटे गाडीवर निघताना: उबदार कपड्यांची तयारी

खानदेशात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा अनेकदा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी अंगात स्वेटर ठेववत नाही. त्यामुळे सारंगखेड्याच्या यात्रेला किंवा तोरणमाळला पहाटे मोटारसायकलने निघणाऱ्याने दुकानात सर्वांत जाड जर्किन मागू नये. वारा कोणते अडवते आणि ऊन चढल्यावर घडी करून पिशवीत कोणते मावते, हे पाहून खरेदी करावी.

पहिला विचार वाऱ्याचा करावा. हवा १० अंशांची असताना ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी चालवली, तर उघड्या कातडीला ती सुमारे ५ अंशांसारखी बोचते. लोकरीचा स्वेटर कितीही उबदार असला तरी त्याच्या विणीतून हा वारा आरपार जातो, म्हणून सर्वांत वर विंडचीटर किंवा वारारोधक जर्किन हवेच. दुकानातच कापडाला तोंड लावून जोरात फुंकर मारावी. पलीकडे धरलेल्या तळहाताला हवा लागली, तर ते कापड गाडीसाठी निरुपयोगी समजावे. चेनच्या मागे कापडाची पट्टी आहे का, मनगटाशी बाही आवळता येते का, हे तपासावे. नंतर जर्किन घालून आपल्या गाडीवर बसावे आणि हँडल धरावे, कारण उभे असताना नीट बसणारे जर्किन हात पुढे केल्यावर कमरेतून वर सरकते आणि बाही मनगट उघडे टाकते.

अंगालगत थर्मल असावे. निघण्यापूर्वी केळीचे घड किंवा गोण्या उचलून घाम आलेला असेल, तर सुती बनियन तो घाम धरून ठेवते आणि गाडी वेगात आली की छाती गारठते. अशा वेळी कोरडे बनियन बदलूनच निघावे. मधल्या थराला फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचे जाकीट) किंवा घरातला लोकरी स्वेटर पुरे आहे. ऐनवेळी काहीच नसेल, तर जर्किनच्या आत छातीवर वर्तमानपत्र ठेवण्याची जुनी युक्ती आजही चालते.

खरी कसोटी हातांची असते. बोटे बधिर झाली की ब्रेक दाबायला उशीर होतो, तेव्हा हातमोज्यांवर पैसे वाचवू नयेत. मोजे घालून मूठ पूर्ण मिटते का, हॉर्न आणि इंडिकेटरचे बटण बोटाला कळते का, हे पाहावे. घट्ट मोजे घेऊ नयेत, कारण बोटांतला रक्तप्रवाह कमी होऊन ती उलट अधिक गार पडतात. धड गारठले की शरीर हातापायांकडचे रक्त आखडते, म्हणून छाती उबदार ठेवणे हाही बोटांचाच बंदोबस्त आहे.

यानंतरही हात गारठत असतील, तरच विजेवर तापणाऱ्या कपड्यांकडे वळावे. त्यांत दोन प्रकार आहेत: स्वतःच्या लहान लिथियम बॅटरीवर चालणारे आणि गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीला जोडायचे. दुसऱ्या प्रकारात हिशेब महत्त्वाचा असतो. ४ अँपिअर घेणारे जाकीट म्हणजे ४८ वॅट, अर्थात ३५ वॅटच्या हेडलाइटपेक्षा जास्त भार. १०० सीसीच्या गाडीत वीजनिर्मिती मुळात बेताची असते आणि इंजिन हळू फिरताना ती आणखी घटते; बॅटरी उतरली तर पुढच्या वेळी सेल्फ लागणार नाही. गाडीची क्षमता मेकॅनिककडून समजून घ्यावी, वायर हेडलाइटच्या जोडणीतून न काढता थेट बॅटरीवरून फ्यूज लावून घ्यावी आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती ताणली जात नाही ना, हे पाहावे. माझ्या मते आपल्याकडच्या तीन-चार तासांच्या गारठ्यासाठी पूर्ण तापणारे जाकीट ही चैन आहे. बॅटरीचे हातमोजे पुरतात. मात्र त्यांची बॅटरी संध्याकाळीच चार्जिंगला लावावी, कारण रात्री लाईट गेली तर पहाटे ते साधे मोजेच उरतात. फुगलेली बॅटरी वापरू नये. मधुमेहाने हातापायांची संवेदना कमी झालेल्यांनी अशा कपड्यांबाबत आधी डॉक्टरांना विचारावे, कारण चटका बसलेला त्यांना लवकर कळत नाही.

मफलर हरकत नाही, पण त्याची टोके जर्किनच्या आत खोचावीत. मोकळे टोक गाडीच्या चेनमध्ये अडकू शकते. कानटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही, त्यापेक्षा पातळ बालाक्लाव्हा, म्हणजे डोके, कान आणि मान झाकणारा डोळ्यांपुरता उघडा टोपडा, बरा. पायांत लोकरी मोजे आणि बंद बूट असावेत.

ऊन चढल्यावर काढलेले कपडे हँडलला किंवा मागे लोंबकळत बांधू नयेत. त्यासाठी रिकामी पिशवी आणि दोन बंजी दोऱ्या (टोकांना हुक असलेल्या ताणल्या जाणाऱ्या दोऱ्या) निघतानाच बरोबर घ्याव्यात, आणि तापणाऱ्या मोज्यांच्या बॅटऱ्या काढून, बंद करून, उन्हात न ठेवता पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवाव्यात.