पहिली परदेशी पोस्टिंग आली, आता कोल्हापुरातनं काय काय आवरायचं

माझी बायको फॉरेन सर्व्हिसमध्ये, मी उद्यमनगरात दादाबरोबर मशीन शॉप बघतो, म्हणजे बघत होतो. तिची पहिली पोस्टिंग कैरोला निघाली तेव्हा ती दिल्लीत आणि मी इथं, त्यामुळं तयारी कुणी केली असेल ते ओळखा. ऑफिसर माणूस शेवटच्या दिवसापर्यंत ट्रेनिंग, ब्रीफिंग आणि ऑर्डरीत अडकलेला असतो, कागद, पेट्या, बँक, आईची समजूत हे सगळं दुसऱ्याच्या गळ्यात. तर हे त्या दुसऱ्यासाठी लिहितोय, नवरा असो नाहीतर बायको.

पहिल्यांदा एक समजून घ्या, पहिली पोस्टिंग म्हणजे जाऊन लगेच राजदूताच्या शेजारी बसायचं असं नसतं. मसुरीचा फाउंडेशन कोर्स, मग दिल्लीच्या सुषमा स्वराज इन्स्टिट्यूटमधलं ट्रेनिंग, मग एक परदेशी भाषा वाटून देतात आणि ती जिथं बोलतात तिथं थर्ड सेक्रेटरी म्हणजे दूतावासातला सगळ्यात खालच्या पायरीचा डिप्लोमॅट म्हणून पाठवतात. भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी पक्की होत नाही. हिला अरबी मिळाली म्हणून कैरो, रशियन मिळाली असती तर मॉस्को. म्हणजे सुरुवातीचे दिवस तुमच्या घरात एक विद्यार्थी असणार, रात्री बारापर्यंत शब्द घोकणारा, आणि तुमच्याशी बोलायला त्याला वेळ नसणार. हे डोक्यात ठेवूनच तयारी करा.

आता कागद. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला आणि कारण काय तर राव. माझ्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावापुढं राव नाही, आधारवर आहे, लग्नाच्या दाखल्यावर आहे पण इंग्रजीत एकीकडं शेवटी ओ आणि दुसरीकडं डब्ल्यू. कोल्हापुरात याचं कुणाला काय वाटत नाही, पत्रिकेत तर आपण राव दोनदा लावू, पण जोडीदाराचा पासपोर्ट करताना प्रत्येक अक्षर जुळावं लागतं. एका खिडकीवर मला सांगितलं की हे वडील वेगळे आहेत. मी म्हटलं वडील तेच आहेत, बाहेर गाडीत बसलेत, बोलावू का, पण त्याचा काय उपयोग झाला नाही. तेव्हा पोस्टिंगची नुसती कुणकुण लागली तरी त्याच दिवशी सगळे दाखले टेबलावर पसरून नावं जुळवून बघा. बारीक फरक असेल तर बऱ्याचदा प्रतिज्ञापत्रावर भागतं, मोठा असेल तर राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो, त्याला वेळ लागतो. लग्नाची नोंदणी महापालिकेत केली नसेल तर ती आधी, हॉलचा फोटो आणि पत्रिका म्हणजे पुरावा नव्हे. डिग्रीच्या कागदांवर परदेशात चालेल असा शिक्का लागणार असेल तर आधी देश बघा, भारत २००५ पासून हेगच्या अपोस्टिल करारात आहे, म्हणजे एकमेकांच्या कागदांवरचा एकच ठरावीक शिक्का मानायचा करार, पण समोरचा देश त्यात नसेल तर त्याच्या दूतावासाचा शिक्का घ्यावा लागतो. आणि सगळ्याचे स्कॅन मोबाइलमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये आणि एक झेरॉक्स सेट घरी आईकडं.

डिप्लोमॅटिक पासपोर्ट दिल्लीतनं निघतो, रंग मरून, आपला नेहमीचा निळा पासपोर्ट जमा करावा लागतो. व्हिसासाठी मंत्रालय त्या देशाच्या दूतावासाला अधिकृत पत्र देतं, एजंट वगैरे भानगड नाही, त्यामुळं महाद्वार रोडवरच्या कुणी ओळखीचं आहे म्हणून सांगितलं तर हसून सोडून द्या. पासपोर्ट आला की गंगावेशचे मामा म्हणाले, आता तुला कोण काय करू शकत नाही म्हणं. डिप्लोमॅटला आणि त्याच्या घरच्यांना संरक्षण आहे हे खरं, १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं, भारतानं त्यासाठी १९७२ साली कायदाही केला. पण त्याच करारात ४१ वं कलम आहे की जिथं राहता तिथले कायदे पाळायचे. आणि नाही पाळले तर तुम्हाला नाही पण तुमच्या ऑफिसर माणसाला परत बोलावतात, पहिल्याच पोस्टिंगला. शिवाय तो पासपोर्ट कामासाठी असतो, मधेच थायलंड फिरून येऊ असं परस्पर ठरवायचं नाही.

आता मुख्य विषय, चटणी.

चटणी म्हणजे आपली कांदा-लसूण चटणी, पुण्याकडं मसाला म्हणतात तो. आईनं एप्रिलमध्येच ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची आणली, देठं खुडायला चुलत्या, मावश्या सगळ्या जमल्या, खोबरं, धने, तीळ, खसखस भाजून, कांदा तळून, सगळं कांडपात नेऊन पाच किलो चटणी झाली. घरभर ठसका, शेजारचे विचारायला आले की कधी निघायचं. आणि निघायच्या आधी नऊ दिवस बायकोचा दिल्लीवरनं फोन, तिकीट आखातातनं आहे, चटणीत खसखस आहे का. मी म्हटलं चिमूटभर. ती म्हणाली चिमूटभरही नाही. खसखस अफूच्याच बोंडातली, आणि दुबई-अबुधाबीकडं ती न्यायला सक्त बंदी आहे, लोक अडकलेत त्यात. पासपोर्ट मरून आहे म्हणून पिशवीतल्या खसखशीची मोहरी होत नाही. ती पाच किलो चटणी आम्ही गल्लीत वाटली, आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे उठून स्वतःच परत मिरच्या निवडायला बसली. खसखस न घालता तीळ थोडे वाढवले. खरं सांगायचं तर चवीत फरक मला कळत नाही, आई म्हणते कळतो. पांढऱ्या रश्श्यालाही खसखशीऐवजी काजू आणि तीळ वाटून घातले की काम होतं.

यातनं शिकायचं ते हे की आधी देशाचे आणि मग मधल्या ट्रान्झिटच्या देशाचे कस्टमचे नियम त्यांच्या सरकारी साइटवर वाचा आणि मगच मिरच्या आणा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरनं मांस आणि दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फीचा विचार सोडा. जिथं चालतं तिथं चटणी विमानाच्या सामानातच न्या, एक-एक किलोच्या पाकिटात, हवा काढून पॅक करून, वर दुसरी पिशवी. समुद्रानं जाणाऱ्या पेट्यांत खायचं काही घालू नका, कंटेनर उन्हात तापतो, खोबरं खवट होतं आणि मग तुमच्या सगळ्या साड्या आणि कोटांना लसणाचा वास.

औषधांचंही असंच. आपल्याकडं मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या काही गोळ्यांवर बाहेर कडक नियम आहेत, ट्रॅमाडॉल असलेली पेनकिलर इजिप्तमध्ये आणि आखातात अजिबात सोबत नको, सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं त्या जपानला नेताना बघून. रोजच्या औषधांचं प्रिस्क्रिप्शन डॉक्टरांकडनं टाइप करून घ्या, ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव हवं. आफ्रिकेतल्या, दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच ठिकाणी यलो फिव्हरची लस लागते, ती ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, २०१६ पासून ते सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. दात जाण्याआधी इथंच करून घ्या. बास.

घर नेऊ नका. बहुतेक ठिकाणी राहायला फर्निचरसकट घर मिळतं, आमचे लोक सागवानी पलंग नेऊया म्हणत होते, कशाला? दूतावासात हेड ऑफ चॅन्सरी म्हणून तिथला कारभार बघणारा ऑफिसर असतो, तुमच्या ऑफिसर माणसानं त्यांना मेल टाकून पोस्ट रिपोर्ट मागवायचा, घरात काय आहे, गॅस कसला, थंडी किती, शाळा कुठल्या हे त्यात असतं. आम्हाला वाटलेलं इजिप्त म्हणजे वाळवंट, कशाला स्वेटर, पण कैरोत जानेवारीत रात्री चांगलीच गारठवते आणि घरं काही गरम करायच्या सोयीनं बांधलेली नसतात. कुकर न्या, त्याच्या रिंगा आणि शिट्ट्या जास्तीच्या न्या. मिक्सर नेण्याआधी व्होल्टेज बघा, इजिप्त आणि युरोपात आपल्यासारखंच २२० ते २३० आहे, नुसता प्लग बदलला की चालतो, पण अमेरिकेत १२० आणि जपानात १००, तिथं आपला मिक्सर नुसता घुंई करत बसतो. बाकी प्रत्येक पेटीवर नंबर आणि आत काय आहे याची इंग्रजीत यादी किमतीसकट, कस्टमलाही लागते आणि काही फुटलं तर इन्शुरन्सलाही.

जाण्याआधी एक संध्याकाळ फक्त मोबाइल नंबरसाठी ठेवा. हसू नका. बँक, आधार, इन्कम टॅक्स, एलआयसी सगळं एका सिमवर आणि ओटीपी आला नाही की तुम्ही भारतातनं गायब. इथला नंबर सगळ्यात स्वस्त रिचार्जवर चालू ठेवा आणि इंटरनॅशनल रोमिंग निघायच्या आधी चालू करून घ्या, तिकडं गेल्यावर ते चालू करायलाही ओटीपी मागतात. घर, गाडी, शेती जे असेल त्याचं मुखत्यारपत्र घरातल्या एकाच्या नावानं करून ठेवा. मी दादाच्या नावानं केलं, वहिनी म्हणाल्या आता तुमची बुलेट पण आमचीच.

आणि मतदान. परदेशी पोस्टिंगवरच्या सरकारी माणसाला सर्व्हिस व्होटर म्हणून, म्हणजे तिकडनं पोस्टानं मत देता येणारा मतदार म्हणून, नोंद करता येते, जोडीदारालाही. पूर्वी कायद्यात चक्क पत्नी असा शब्द होता, म्हणजे ऑफिसर बाई असेल तर तिच्या नवऱ्याला ही सोय नाही, २०२१ च्या दुरुस्तीत तो शब्द जोडीदार असा झाला. माझ्यासारख्यांची दखल संसदेनं घेतली हे मी आता प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो.

पाहुण्यांवरनं आठवलं, बायकोच्या मागं चाललाय हे तुम्हाला ऐकावं लागणार. लग्नघरात, रंकाळ्यावर भेळ खाताना, कुठंही. मी एकदा सी. बी. मुथम्मांची गोष्ट सांगितली, फॉरेन सर्व्हिसमधल्या पहिल्या महिला अधिकारी. त्या काळच्या नियमात बाईनं लग्न करायचं तर सरकारची लेखी परवानगी घ्यायची आणि संसारामुळं कामात अडचण येते असं सरकारला वाटलं तर राजीनामा द्यायचा, पुरुषाला यातलं काहीच नाही. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या, १९७९ साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यरांच्या खंडपीठानं त्या नियमांवर कडक ताशेरे ओढले. गोष्ट ऐकून मामा गप्प बसले, दोन मिनिटं.

पण तुमच्या कामाचं काय, हा प्रश्न खराच आहे आणि यावर निघायच्या आधी दोघांनी बसून बोला, विमानात नको. तिकडं नोकरी करायची तर त्या देशाशी भारताचा जोडीदारांच्या नोकरीबद्दल करार आहे का बघावं लागतं, शिवाय आपल्या सरकारची परवानगी. ऑफिसरला स्वतःला तर तिथं पैशासाठी दुसरा धंदा करायला व्हिएन्ना कराराच्याच ४२ व्या कलमानं बंदी आहे. घरातल्या कुणाचा धंदा असेल तर तेही सरकारला कळवायचं असतं, आम्ही मशीन शॉपमधली माझी भागीदारी लेखी कळवली. ऑनलाइन काम करेन की, कुणाला कळणार आहे, असं मनात आलं तर ते तिथंच मारा.

भाषा तुम्हीही शिका, ऑफिसरसाठी नाही, भाजीसाठी. वर्गात शिकवतात ती पुस्तकी अरबी आणि कैरोतला भाजीवाला बोलतो ती वेगळी, तिकडं ज चा ग करतात, जमालचा गमाल. मी निघायच्या आधी फक्त आकडे पाठ केले आणि त्याचा फायदा सगळ्यात जास्त झाला. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब, सहा इंग्रजी सातासारखा. दुकानातली दराची पाटी आणि गाडीची नंबरप्लेट या आकड्यांत असते, हे माहीत नसेल तर पन्नासच्या जागी काय समजाल सांगता येत नाही.

भेट द्यायला कोल्हापुरी चपला घ्या, पण लोकांच्या पायाचे नंबर माहीत नसतात म्हणून मापात गोंधळ होतो, आम्ही सात-आठ जोड वेगवेगळ्या नंबरचे घेतले आणि तरी एक पाहुणा अकरा नंबरचा निघाला. आणि चाळीस माणसांचं एक काहीतरी करायला शिकून जा. नव्या थर्ड सेक्रेटरीच्या घरी कोण कधी येईल नेम नाही. मी मिसळ शिकलो, कटाला चटणी होतीच, मटकी पाच किलो नेली.

निघायच्या आदल्या दिवशी अंबाबाईला जाऊन आलो आणि घरी आलो तर आईनं बॅगेत काकवीची बाटली खुपसलेली, वजन काट्यावर तेवीस किलो चारशे. ती काढली म्हणून परत रुसवा. कैरोत पोचल्यावर चौथ्या दिवशी खाली दुकानात गेलो तर बरण्यांत काळं, घट्ट काहीतरी, असल अस्वद म्हणतात, म्हणजे काळा मध, चाखला तर उसाची काकवीच की! तिळाच्या ताहिनीत कालवून रोटीबरोबर खातात, आणि चौकाचौकात उसाच्या रसाची दुकानं आहेत. आईला व्हिडिओ कॉलवर बरणी दाखवली. तर कैरोला येणार असाल तर काकवी घरीच ठेवा, तेवढ्या वजनात अर्धा किलो चटणी जास्त बसते.