‘रिस्टोअर केलेली’ एमजीबी घेताय? या चुका टाळा

इंग्लंडात एप्रिलमध्ये चार दिवस ऊन पडलं रे पडलं की माझा फोन वाजायला लागतो. ओळखीतलाच कुणीतरी असतो, आयटीतला नाहीतर एनएचएस या इथल्या सरकारी आरोग्यसेवेतला, आणि व्हॉट्सॲपवर जाहिरातीचा फोटो: लाल एमजीबी रोडस्टर, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, टप उघडा, क्रोमचे बंपर, तारांची चाकं. खाली ‘फुल्ली रिस्टोअर्ड’. प्रश्न एकच. ‘‘दादा, घेऊ का?’’

मी मिडलंड्समध्ये राहतो. आजवर तीन एमजीबी माझ्या गॅरेजातून गेल्या, चौथी अजून आहे. मी मेकॅनिक नाही, शनिवार-रविवारचा हौशी. पण दरवर्षी तेच ते घोटाळे बघून आता वीट आलाय. पुढच्या वेळी कुणी फोटो पाठवला की हे पाठवून देणार आणि चहा प्यायला बसणार.

आधी एक गोष्ट. ही काही दुर्मीळ गाडी नव्हे. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ती ऑक्सफर्डशायरमधल्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली. छपराची जीटी धरली तर पाच लाखांवर बाहेर पडल्या. सुटे भाग आजही नवेकोरे मिळतात, अख्खी बॉडीसुद्धा. त्यामुळे ‘आत्ता नाही घेतली तर जाईल’ हे वाक्य विकणाऱ्याने म्हणावं, घेणाऱ्याने नाही.

रंगावर भाळणं

एमजीबीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हीच चासी. जीटीला निदान वरून छप्पर आधार देतं. रोडस्टरचा बहुतेक भार दोन्ही दारांखालच्या उंबऱ्यांवर, म्हणजे सिलवर. बाहेरून ती नुसती एक पट्टी दिसते. आत तीन पत्रे असतात: बाहेरचं सिल, मधला उभा पत्रा आणि खाली कॅसल रेल. तिन्ही मिळून खोका होतो. त्या खोक्यात पाणी शिरलं की तो आतून कुजत येतो, आणि बाहेर रंगाला पहिला फोड दिसेपर्यंत आत फार काही उरलेलं नसतं.

हे सगळं मला आता माहीत आहे. पहिली गाडी घेताना माहीत नव्हतं. १९७२ची होती. मी बघायला गेलो नोव्हेंबरात, दुपारी चारला, म्हणजे इथे तिन्हीसांजाच. पाऊस भुरभुरत होता आणि गाडी अंगणात ओली उभी होती. ओल्या गाडीवर रंगाचा एकही दोष दिसत नाही, सगळा पत्रा आरशासारखा चमकतो. मालक गोड माणूस, त्याने चहा दिला, बिस्किटं दिली. ज्याच्या घरचा चहा घेतला त्याच्याशी भाव करता येत नाही असं माझे वडील म्हणायचे, आणि त्या दिवशी मी खरोखरच केला नाही.

दोन आठवड्यांनी ऊन पडलं. मागचे ब्रेक बघावेत म्हणून एक बाजू जॅकवर घेतली. बायको गाडीत राहिलेले हातमोजे घ्यायला आली, तर दार उघडेना. मला वाटलं, कुलूप अडकलं असेल. जॅक खाली केला, दार उघडलं. परत चढवला, दार जाम. हा प्रयोग मी तीनदा केला. तिसऱ्यांदा खाली वाकून दाराच्या मागच्या फटीकडे बघत जॅकचा दांडा दाबला, तर फट माझ्या डोळ्यांदेखत मिटत गेली. गाडी मधोमध वाकत होती.

मग घरातून फ्रिजवरचं गणपतीचं चुंबक आणलं. दाराला चिकटलं. मडगार्डला चिकटलं. सिलला लावलं तर घसरून थेट काँक्रीटवर. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं. वर रंग, खाली बोटभर जाड पुट्टी, तिच्या खाली कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी, आणि जाळीच्या मागे घट्ट झालेला पिवळा फोम. पत्रा नावालासुद्धा नव्हता. रंगारी मात्र कसबी होता, हे मान्य केलं पाहिजे.

तेव्हापासूनची माझी सवय अशी. ओली गाडी बघायची नाही. पाऊस असला तर परत यायचं. आधी चारही दारफटी बघायच्या, वर-खाली सारख्या आहेत का. मालकाची परवानगी घेऊन एक बाजू जॅकवर घ्यायची आणि दार उघडून लावून पाहायचं. ‘जॅक नको’ म्हणाला की नमस्कार करून निघायचं. पुढचं मडगार्ड बोल्टवर बसवलेलं असतं, त्यामुळे ते आणि सिल यांच्यामध्ये जोडाची रेघ दिसलीच पाहिजे. तिथे गुळगुळीत सलग पत्रा दिसला तर पुट्टीने ती बुजवली आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोटो मागायचे. चकाचक गाडीचे नव्हेत, कामाचे. सिल दाराच्या चौकटीपुरतं नसतं. ते पुढे मडगार्डच्या आड आणि मागे मागच्या पंखाच्या, म्हणजे मागच्या मडगार्डच्या, खाली जातं. नीट बदलायचं तर पुढचं मडगार्ड उतरवावं लागतं आणि मागच्या पंखाचा तळ कापावा लागतो. आळशी लोक दाराखालचा दिसणारा तुकडा तेवढा कापून नवा चिकटवतात. म्हणून मी एकच विचारतो: ‘‘मडगार्ड उतरवलेला फोटो आहे का?’’ खरं काम केलेल्या माणसाकडे असे दोनशे फोटो असतात आणि तो ते दाखवल्याशिवाय सोडत नाही. ‘फोन बदलला, फोटो गेले’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की सांगता सोय नाही.

कागद न बघणं

चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे २०१८पासून बहुतेक वेळा एमओटीची वार्षिक तपासणी माफ आहे. म्हणून ‘एमओटी लागत नाही’ हे कौतुक नव्हे. जुन्या तपासण्यांची नोंद सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की फुकट दिसते. त्यात तीन वर्षं ओळीने ‘गंज’ लिहिलेलं असेल आणि जाहिरातीत ‘गंजमुक्त’, तर त्या मधल्या काळाची बिलं मागा. आणि १९७६ची गाडी क्रोमचे बंपर मिरवत असेल तर ते नंतर लावलेत. १९७४च्या शरदापासून कारखान्यातून काळे रबरी बंपर यायचे आणि गाडी थोडी उंच केलेली असायची. बदल करणं हा गुन्हा नाही, लपवणं आहे. रबरी बंपरला नाकं मुरडणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की आत बसल्यावर बंपर दिसत नाही, आणि ती गाडी स्वस्त मिळते.

पहिला हात कार्बोरेटरला घालणं

ही माझी दुसरी दुखरी नस. गाडी घेऊन महिना झाला की ती कुठेतरी बंद पडते, आणि नवा मालक व्हिडिओ बघून थेट एसयू कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारी यंत्रं, उघडतो. दोन आहेत, चकचकीत आहेत, समोर आहेत, म्हणून दोष त्यांचाच.

एका तरुण मित्राची गाडी वीस मिनिटं छान चालायची आणि मग राउंडअबाउटवर मरायची. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. त्याने दोन रविवार घालवले. दोन्ही कार्बोरेटर खोलले, किट मागवून सुया बदलल्या, जेटच्या नटा मनाला येईल तशा फिरवल्या. मग मला बोलावलं. मी काहीच खोललं नाही. इंजिन सुरू करून बॉनेट लावून ठेवलं आणि खुर्ची टाकून बसलो. तो सारखा विचारत होता, ‘‘आता काय करायचं?’’ थांबायचं, दुसरं काय! बाविसाव्या मिनिटाला इंजिन मेलं. प्लग काढून बॉडीला टेकवला, स्टार्टर मारला, ठिणगी नाही. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर तापला की दगा देत होता. पाच-सहा पौंडांची वस्तू, बदलायला दहा मिनिटं. उरलेली अख्खी दुपार गेली त्याने बिघडवलेले कार्बोरेटर जुळवण्यात.

माझा क्रम ठरलेला आहे. थंड इंजिनावर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, ०.०१५ इंच. मग प्लग, ०.०२५. मग पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीचे संपर्क, ०.०१५. मग टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ. हे सगळं जमल्यावरच कार्बोरेटरला हात, आणि तोसुद्धा आधी वरच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे नळकांड्यात, तेल आहे का एवढं बघायला. दोन्ही सारखी हवा ओढतात का ते मी रबरी नळीचं एक टोक कानाला लावून ऐकतो. यंत्रं मिळतात, पण मला नळीच बरी वाटते. ज्यांना इतकं थांबवत नाही त्यांनी नवी गाडी घ्यावी. तिच्यातही ऊन लागतं.

बाकीच्या, थोडक्यात

मोबाइल चार्जर जोडण्याआधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते बघा. १९६७पर्यंतच्या गाड्यांना धन टोक बॉडीला असायचं. मी न बघता रेडिओ जोडला होता; गाणं लागलं नाही, धूर आला. १९७४पर्यंत बॅटऱ्याही सहा-सहा व्होल्टच्या दोन, सीटांमागे फळीखाली लपलेल्या. एक सापडली की लोक खूश होतात आणि दुसरी वाळून जाते.

मिलिमीटरचे पाने वापरू नका. अर्ध्या इंचाच्या नटाला तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण नट १२.७चा असतो, गंजलेला असला की कडा गोल झाल्याच. इंची पान्यांचा एक संच आधी घ्या, मग गाडी.

सप्टेंबर २०२१पासून इथलं साधं पेट्रोल म्हणजे ई१०, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं. जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ होऊन पाझरतात. नळ्या बदला आणि महागातलं, कमी इथेनॉलचं ई५ भरा.

पुढच्या किंगपिनना, म्हणजे पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खिळांना, ग्रीस गनने ग्रीस लागतंच. ‘मेंटेनन्स फ्री’ हा शब्द विसरा.

ऑइल प्रेशर गरम इंजिनावर बघा. थंड असताना सगळ्याच गाड्या छान दाखवतात. मालकाने तुम्ही यायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर उलटी शंका घ्या, त्याला थंडीत सुरू होताना दाखवायची नाही.

आणि टप. ओला टप मिटून ठेवला की बुरशी येते, हे लोक ऐकतात. गारठ्यात मिटू नका हे ऐकत नाहीत, कारण बाहेर ऊन असतं. मागची खिडकी काचेची नसून प्लास्टिकची आहे, गारठ्यात मिटली की ती तडकते. मी आता गाडी तासभर उन्हात ठेवतो आणि मिटताना मध्ये जुना पंचा घालतो. ही अक्कल फेब्रुवारीतल्या एका स्वच्छ सकाळी आली. ती चीर अजून आहे, पारदर्शक टेप लावलेली, आणि आरशात बघितलं की मागची प्रत्येक गाडी मला दोन तुकड्यांत दिसते.