फ्रायरमधल्या तेलाआधी खोक्यावरची अक्षरं बघा

अकरा वर्षं मी फास्ट फूडच्या किचनमध्ये फ्रायरवर उभी होते. तेल काळं पडलं की बदलायचं, एवढंच मला शिकवलं होतं आणि ते मी इमानेइतबारे करत होते. पण पहिली चार वर्षं आमच्याकडे येत होता तो तळणीच्या चरबीचा पांढरा घट्ट ठोकळा. खोक्यातून काढायचा, सुरीने तुकडे करायचे, फ्रायरमध्ये सोडायचे. खोक्यावर काय लिहिलंय ते मी कधी वाचलं नाही. शाळा सुटली की रांग लावणारी मुलं आठवली की अजून जीव कासावीस होतो.

म्हणून सुरुवात खोक्यापासून करा. ट्रान्स फॅट तळताना होतं त्याच्या कितीतरी पट खोक्यातूनच येतं. पातळ तेलात हायड्रोजन सोडून ते अर्धवट घट्ट करतात तेव्हा काही स्निग्धाम्लांची वाकडी साखळी सरळ होते, तेच ट्रान्स फॅट. १९०२ मध्ये विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या प्रक्रियेचं पेटंट घेतलं. असं घट्ट केलेलं तेल म्हणजे शॉर्टनिंग, आमचा पांढरा ठोकळा तोच. ते लवकर खवट होत नाही, घाण्यामागून घाणे निघतात, म्हणून ते धंद्याला सोयीचं. शरीरात मात्र ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २,००० कॅलरी खाणाऱ्या माणसाच्या पोटात दिवसाला २.२ ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स फॅट जावं. शॉर्टनिंगमध्ये पाव हिस्सा ट्रान्स फॅट असेल आणि एका प्लेटीतून १५ ग्रॅम चरबी पोटात गेली, तर तिथेच पावणेचार ग्रॅम होतात.

घटकांच्या यादीत ‘अंशतः हायड्रोजनेटेड’ किंवा ‘पार्शली हायड्रोजनेटेड’ दिसलं तर तो माल घेऊ नका. ‘पूर्ण हायड्रोजनेटेड’ असेल तर ट्रान्स फॅट जवळजवळ नसतं, संपृक्त चरबी मात्र भरपूर. नुसतं ‘हायड्रोजनेटेड’ लिहिलं असेल तर पुरवठादाराकडून लेखी खुलासा घ्या. घट्ट दिसतं म्हणून लगेच ट्रान्स फॅट समजू नका. पाम तेलही गार झालं की थिजतं.

‘० ग्रॅम’ या आकड्यावर मी विसंबत नाही. अमेरिकेत एका सर्व्हिंगमध्ये ०.५ ग्रॅमहून कमी असलं की लेबलवर शून्य छापता येतं. मोठा चमचाभर, म्हणजे १४ ग्रॅम तेलात ०.४ ग्रॅम असलं तर लेबलवर शून्य, पण शंभर ग्रॅममागे ते जवळजवळ ३ ग्रॅम होतं. जागतिक आरोग्य संघटना १०० ग्रॅम स्निग्धांशामागे २ ग्रॅमची मर्यादा सुचवते. डेन्मार्कने तसा कायदा २००३ मध्येच केला. म्हणून लॅबचा अहवाल मागा, आणि तो शंभर ग्रॅम स्निग्धांशाच्या हिशेबात मागा.

अर्धवट तळून गोठवलेल्या फ्राईजची पिशवीही वाचा. त्या आपल्यासोबत कारखान्यातलं तेल घेऊन येतात आणि ते तुमच्या तेलात मिसळतं. हे मला फार उशिरा कळलं.

शॉर्टनिंग सोडून हाय-ओलिक (ओलिक आम्ल जास्त असलेल्या) सूर्यफूल तेलासारख्या टिकाऊ तेलावर जाताना फ्रायर पूर्ण रिकामा करा, धुवा, कोरडा करा. जुन्यात नवं ओतलं तर जुनं आठवडाभर तिथेच राहतं. आम्ही आधी तसंच केलं होतं.

पुढची निगा साधी आहे. तापमान १७५ ते १८० अंश सेल्सिअस ठेवा. २०० च्या वर थोडंफार ट्रान्स फॅट तयार व्हायला लागतं. घाण्यामधला चुरा झाऱ्याने काढा, रोज तेल गाळा, मीठ फ्रायरवर भुरभुरू नका. तांब्या-पितळेचं काहीही तेलात नको, त्याने तेल लवकर बिघडतं. फेस धरणारं, धुरकटणारं तेल टाकून द्या. पण हा तेल खराब होण्याचा प्रश्न झाला, ट्रान्स फॅटचा वेगळा. सोनेरी, नितळ तेलातही ट्रान्स फॅट असू शकतं. ते ना दिसतं, ना त्याला वास येतो.

तुम्ही फक्त खाणारे असाल तर काउंटरवर विचारा, “तळायला काय वापरता? खोक्यावर काय लिहिलंय ते बघून सांगाल?” विचारायला संकोच वाटतो, ठाऊक आहे. पण त्या चार वर्षांत मला कुणी एकदा जरी असं विचारलं असतं, तर मी मागे जाऊन ते खोकं वाचलं असतं.