व्हर्च्युअल मशीनची हार्डवेअर आवृत्ती वाढवणे आणि उतरवणे

व्हीएमवेअरच्या प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला (सॉफ्टवेअरने उभारलेल्या आभासी संगणकाला) स्वतःची हार्डवेअर आवृत्ती, म्हणजे त्याला कोणती आभासी उपकरणे मिळू शकतात हे ठरवणारा क्रमांक, असते आणि मशीनमधील ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवृत्तीशी तिचा घोटाळा करू नये. ही मशीन चालवणाऱ्या ईएसएक्सआय या व्हीएमवेअरच्या सॉफ्टवेअरच्या ६.७ बरोबर १४, ७.० बरोबर १७ आणि ८.० बरोबर २० ही आवृत्ती आली. नवा होस्ट (ईएसएक्सआय बसवलेला प्रत्यक्ष संगणक) जुन्या आवृत्तीचे मशीन चालवतो, परंतु जुना होस्ट आपल्यापेक्षा नव्या आवृत्तीचे मशीन सुरूच करीत नाही. म्हणून केवळ होस्ट अद्ययावत झाला एवढ्या कारणाने मशीनची आवृत्ती वाढवू नये. एनव्हीएमई कंट्रोलरसाठी (वेगवान डिस्क जोडणीसाठी) किमान १३ किंवा व्हर्च्युअल टीपीएमसाठी (सुरक्षा चिपच्या आभासी रूपासाठी) किमान १४ लागते, अशी ठोस गरज असेल तरच ती वाढवावी, आणि क्लस्टरमध्ये (एकत्र चालणाऱ्या गटात) अनेक होस्ट असतील तर त्यांतील सर्वांत जुन्या होस्टला पेलेल तिथेच थांबावे.

वाढवण्याचे काम सोपे आहे. आधी बॅकअप घ्यावा, मशीन चालू असतानाच व्हीएमवेअर टूल्स (मशीनमध्ये बसवलेले ड्रायव्हर व साहाय्यक सॉफ्टवेअर) अद्ययावत करावीत, मग मशीन बंद करून ‘कंपॅटिबिलिटी’ या मेनूतून हवी ती आवृत्ती निवडावी. टूल्स आधी आणि हार्डवेअर नंतर हा क्रम उलटा झाल्यास विंडोजमधील नेटवर्कची मांडणी हरवू शकते.

खरी अडचण उतरवताना येते. वर्कस्टेशन या व्हीएमवेअरच्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये ‘मॅनेज’खालील ‘चेंज हार्डवेअर कंपॅटिबिलिटी’ हा पर्याय जुनी आवृत्तीही निवडू देतो. तिथे मूळ मशीन न बदलता त्याची प्रत करून घेणे शहाणपणाचे. ईएसएक्सआयवर आधारलेल्या व्हीस्फिअर या सर्व्हर प्रणालीत असे बटणच नाही. आवृत्ती वाढवण्यापूर्वीचा स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) असेल तर त्याकडे परतता येते, मात्र त्यानंतर मशीनमध्ये साठलेली सर्व माहिती जाते. मशीनची मांडणी साठवणारी व्हीएमएक्स फाइल उघडून तिच्यातील आकडा हाताने बदलण्याचा मोह अनेकांना होतो. मशीन कधी सुरू होतेही, पण नव्या आवृत्तीवर अवलंबून असलेली उपकरणे फाइलमध्ये तशीच राहतात, त्यामुळे महत्त्वाच्या मशीनवर हा उपाय करू नये.

भरवशाचा मार्ग म्हणजे जुन्या आवृत्तीचे नवे मशीन तयार करून त्याला मूळ डिस्कची प्रत जोडणे. त्याआधी मूळ मशीन बंद करून सर्व स्नॅपशॉट डिलीट करावेत, म्हणजे त्यांतील बदल मूळ डिस्कमध्ये विलीन होतात आणि स्नॅपशॉटची साखळी तुटून माहिती बिघडण्याचा धोका राहत नाही. नवे मशीन बनवताना कंपॅटिबिलिटीच्या पायरीवर जुनी आवृत्ती निवडावी, आपोआप दिली जाणारी रिकामी डिस्क काढावी आणि ‘एक्झिस्टिंग हार्ड डिस्क’ म्हणून मूळ डिस्कची प्रत जोडावी. प्रत यासाठी, की प्रयत्न फसल्यास मूळ मशीन शाबूत राहते. मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरची बायॉस की ईएफआय ही निवड आणि डिस्क कंट्रोलरचा प्रकार मूळ मशीनप्रमाणेच ठेवावा, कारण बूट न होण्यामागे बहुधा याच दोन गोष्टी असतात. मूळ डिस्क एनव्हीएमईवर असेल आणि आवृत्ती १३ च्या खाली न्यायची असेल, तर मूळ मशीनमध्येच आधी एससीएसआय (डिस्क जोडणीचा जुना प्रकार) कंट्रोलर जोडून त्याचा ड्रायव्हर बसल्याची खात्री करावी.

नव्या मशीनला नवा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) मिळतो, त्यामुळे स्थिर आयपी पुन्हा द्यावा लागू शकतो. मॅक पत्त्याशी बांधलेले परवानेही तपासावेत आणि सर्व सेवा सुरळीत चालू लागेपर्यंत मूळ मशीन बंद ठेवावे, पण काढून टाकू नये.