व्हायरस आले कुठून, हे पोट्ट्यांना वावरात कसं शिकवायचं

राजेहो, बारावीच्या पोट्ट्यांना हा विषय शिकवाचा असन तं तीन थिअरीची नावं आधी फळ्यावर लिहू नका, पाठ करतात अन विसरतात. ऑगस्टमधे वर्ग जवळच्या वावरात न्या, येलो मोझॅक (पान पिवळं पाडणारा व्हायरसचा रोग) आलेलं सोयाबीनचं पान हातात द्या अन विचारा, हा व्हायरस आला कुठून? पांढऱ्या माशीनं आणला म्हणतीन. बरोबर, पण त्याच्या आधी, अन त्याच्याबी आधी? असं मागं मागं नेत जा. व्हायरसचे जीवाश्म सापडत नाहीत, म्हणून जीन अन प्रोटीनचे आकार जुळवून पाहावं लागते, हे इथंच सांगून टाका.

मंग धुऱ्यावरच्या बोरीवरची अमरवेल दाखवा. ना पानं ना जमिनीत मूळ, सारं बोरीचं खाते, पण तिचे पूर्वज पानामुळाचे साधे वेल होते. व्हायरसबी आधी पूर्ण पेशी होता अन दुसऱ्याच्या जिवावर राहून एकेक गोष्ट सोडत गेला, हा एक अंदाज. मिमीव्हायरस इथं सांगाच, १९९२ मधे इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डच्या कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमीबात सापडला, बॅक्टेरिया समजून ठेवून देला, २००३ मधे कळलं का व्हायरस आहे, जिनोम, म्हंजे त्याच्या साऱ्या जीनचा संच, जवळपास १२ लाख अक्षरांचा, एवढा मोठा का आधी पेशी असन असं वाटते. पण त्याचे काही जीन दुसऱ्यांकडून उचललेले दिसतात, म्हंजे लहानाचा मोठा झाला असंबी असू शकते.

दुसरा अंदाज, पेशीच्या आधीच व्हायरससारखं काही होतं. पोट्टे लगेच म्हणतीन, सर पेशीशिवाय व्हायरस वाढतच नाही! म्हणू द्या, हीच त्या थिअरीची मोठी अडचण आहे. त्यावर आपल्या घशात जाणारा अ‍ॅडेनोव्हायरस, बॅक्टेरियात वाढणारा पीआरडी-१ व्हायरस अन अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातला आर्कियाचा (बॅक्टेरियासारखे दिसणारे पण वेगळ्या शाखेचे एकपेशी जीव) व्हायरस सांगा, तिघांच्या कवचाच्या प्रोटीनची घडी एकसारखी, जीवाच्या तीन शाखांत, म्हंजे हे घराणं लयच जुनं असावं. मले स्वतःला हाच पुरावा सगळ्यात भारी वाटते.

तिसऱ्यासाठी हातातल्या पानाकडं परत या. पेशीतलेच जीन सुटून पळाले अन कवच घालून फिरू लागले, असं म्हणतात. येलो मोझॅकच्या व्हायरसमधे एकपदरी डीएनएचे दोन गोल तुकडे असतात, त्याची नक्कल काढणारं प्रोटीन बॅक्टेरियाच्या प्लास्मिडमधल्यासारखं (प्लास्मिड म्हंजे बॅक्टेरियातला डीएनएचा वेगळा छोटा गोल तुकडा), कवच मात्र झाडांच्या आरएनए व्हायरससारखं. एकाच पानात दोन घराण्यांची सोयरीक!

म्हणून परीक्षेत 'कोणती थिअरी खरी' असा प्रश्न काढू नका. हेच पान द्या अन याचा कोणता भाग कुठून आला असन, कशावरून, ते लिहाले सांगा.